कॅनडातली क्राफ्ट बिअर: चाखायची कशी, गुण द्यायचे कसे

एकाच ब्रुअरीची एकच आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही कडवट-सुवासिक बिअर, घ्या. एक कॅन ब्रुअरीच्या स्वतःच्या काउंटरवरून आणलेला, तीन आठवड्यांपूर्वी भरलेला. दुसरा दुकानातल्या उबदार फळीवर पाच-सहा महिने उभा राहिलेला. दोन्ही प्रामाणिकपणे चाखून ५० पैकी गुण दिले, तर पहिल्याला ४१ आणि दुसऱ्याला २४ मिळू शकतात, आणि दोन्ही आकडे बरोबर असतील. दुसऱ्या आकड्यात मात्र ब्रुअरच्या कामापेक्षा दुकानाच्या फळीचाच हिशोब जास्त आहे. म्हणून बिअरला गुण द्यायला शिकणं म्हणजे आधी एवढं ओळखायला शिकणं: समोर आलेली चव ब्रुअरने केली, वाटेत बिघडली, की आपल्याच पेल्याने आणि फ्रिजने बदलली? पुढची सगळी कृती या एका प्रश्नाभोवती आहे.

खरेदी: आधी तारीख, मग लेबल

कॅनडात बिअर कुठे मिळते ते प्रांतावर अवलंबून आहे. ओंटारियोत एलसीबीओ ही प्रांत सरकारची दारूची दुकानं, बिअर स्टोअर ही साखळी, काही किराणा दुकानं आणि २०२४ पासून कोपऱ्यावरची कन्व्हिनियन्स दुकानंही. क्वेबेकमध्ये देपानर, म्हणजे गल्लीतलं छोटं दुकान, आणि सुपरमार्केट. अल्बर्टात १९९३ पासून दारूविक्री खाजगी दुकानांकडे आहे. चाखणाऱ्याला यातून एकच गोष्ट हवी: कॅन थंड कपाटात होता की उघड्या फळीवर. साठवणीचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की बिअर जुनी होण्याचा वेग साधारण दुपटी-तिपटीने वाढतो. थंड कपाटात तीन महिने चांगली राहिलेली बिअर उबदार फळीवर काही आठवड्यांतच म्हातारी होते.

तारीख कॅनच्या बुडावर किंवा बाटलीच्या मानेवर छापलेली असते. कॅनडाच्या नियमांनुसार ९० दिवसांपेक्षा जास्त टिकणाऱ्या पदार्थावर ‘बेस्ट बिफोर’ छापणं बंधनकारक नाही. त्यामुळे काही ब्रुअरी भरल्याची तारीख देतात, काही टिकण्याची. दोन्हींत गल्लत केली की ताजा माल शिळा वाटतो किंवा उलट. ‘पॅकेज्ड ऑन’ लिहिलेलं असेल तर सरळ हिशोब करता येतो. टिकण्याची तारीख असेल, तर ती ब्रुअरी किती महिने धरते ते तिच्या काउंटरवर विचारून घ्या.

महिन्यांच्या खुणा इंग्रजी आणि फ्रेंच दोघांना चालतील अशा दोन अक्षरांच्या असतात, आणि तिथे हमखास फसायला होतं. ‘एमआर’ म्हणजे मार्च, ‘एमए’ म्हणजे मे, ‘जेएन’ जून, ‘जेएल’ जुलै, ‘एएल’ एप्रिल, ‘एयू’ ऑगस्ट. शिवाय फ्रेंच ‘मेयर आव्हाँ’, म्हणजे ‘याआधी उत्तम’, याचीही अद्याक्षरं ‘एमए’च. तेव्हा ‘बीबी/एमए’ दिसलं तर तो मे महिना नव्हे.

किती ताजी हवी, ते प्रकारावर ठरतं. आयपीए आणि पेल एलचा जीव हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांच्या, वासात असतो. त्या भरल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत चाखाव्यात, तीन महिन्यांनंतर गुण देण्याच्या फंदात पडू नये. पिल्सनर आणि गव्हाची बिअर तीन-चार महिने ठीक. तळाशी यीस्ट असलेल्या बेल्जियन धाटणीच्या तगड्या बिअरी आणि ९ टक्के अल्कोहोलच्या वरच्या स्टाउट, म्हणजे काळ्या, भाजक्या चवीच्या बिअरी, वर्ष-दोन वर्षं गार, अंधाऱ्या जागी बऱ्या राहतात. काही तर त्यातून जास्त गोल, मुरलेल्या होतात. शक्य तिथे कॅन घ्या, नाहीतर तपकिरी काचेची बाटली. हिरव्या आणि पारदर्शक काचेतून प्रकाश आत जातो.

घरी आणल्यावर: फ्रिज आणि हिवाळा

कॅन फ्रिजमध्ये उभा ठेवा, दारात नव्हे. चाखण्याआधी निदान २४ तास हलवू नका. गढूळ आयपीएत हॉप्सचे बारीक कण तरंगत असतात. ते खाली बसू दिले नाहीत तर घशाला मिरपुडीसारखी जळजळ होते आणि तुम्ही तिला कडवटपणा समजून बसता. ओतताना तळाची शेवटची दोन सेंटीमीटर बिअर कॅनमध्येच राहू द्या.

फळांचा गर घातलेली, पाश्चराइज न केलेली आंबट बिअर कायम थंड हवी. उबेत उरलेली साखर पुन्हा आंबते आणि कॅन फुगतो, कधी फुटतोही.

हिवाळ्यात उलटा घोटाळा. ५ टक्क्यांची बिअर उणे २ ते ३ अंशांच्या आसपास गोठायला लागते. उणे १५ मध्ये बाल्कनीत किंवा गाडीच्या डिकीत राहिलेला कॅन तळ बाहेर काढून बसतो. वितळल्यावर आत प्रथिनांचे कण दिसतात, फेस नीट धरत नाही. हा कॅन प्या हवं तर, पण त्याच्यावर गुण लिहू नका.

पेला

सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत स्वस्त सुधारणा इथे आहे. पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता, ३०० ते ४०० मिलीचा ट्युलिप पेला घ्या. तो नसेल तर साधा वाइनचा पेला उत्तम चालतो. सरळ उभ्या पाइंट पेल्यात वास साठत नाही. स्टीलच्या पेल्यात रंगच दिसत नाही.

ज्या घासणीने कढई घासली तिने हा पेला घासू नका. फोडणीच्या तेलाचा पापुद्रा फेस मारतो, आणि भांड्याच्या साबणाचा उरलेला थरही तेच करतो. वेगळी घासणी, अगदी थोडा साबण, भरपूर गरम पाणी, आणि पुसायचं नाही, उपडा घालून वाळू द्यायचा. पारख सोपी आहे. पेला आतून पाण्याने ओला करा. पाण्याचा सलग पडदा धरला तर स्वच्छ, थेंब-थेंब तुटले तर तेलकट. बिअर ओतल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटलेले दिसले तरी पेला तेलकटच. मग ‘फेस टिकत नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी पेला बदला.

फ्रीझरमध्ये ठेवलेला पांढरा धुरकट पेला वापरू नका. बर्फ वितळून बिअरमध्ये मिसळतो आणि जीभ बधिर होते.

क्रम, मात्रा आणि एक हिशोब

एका बैठकीत सहापेक्षा जास्त बिअरी ठेवू नका. नवख्याने चारच घ्याव्यात. प्रत्येकी १०० मिली पुरतात: दोन घोट वासासाठी आणि पहिल्या मतासाठी, दोन पडताळणीसाठी, उरलेले पेल्यात कोमट होत असताना.

कॅनडाचा नकाशा जिभेवर यावा असा एक क्रम देत आहोत. तुमच्या प्रांतात एखादी मिळाली नाही तर त्याच प्रकारची स्थानिक बिअर घ्या.

पहिली, टोरोंटोची स्टीम व्हिसल पिल्सनर, ५ टक्के. स्वच्छ, हलकी, चुका लपवायला जागा नसलेली. दुसरी, क्वेबेकच्या शांब्ली गावातल्या युनिब्रूची ब्लांश द शांब्ली, ५ टक्के. गव्हाची, धणे आणि संत्र्याची साल घातलेली. तिसरी, टोरोंटोच्याच ग्रेट लेक्सची कॅनक पेल एल, ५.२ टक्के. चौथी, व्हिक्टोरियाच्या ड्रिफ्टवुडची फॅट टग आयपीए, ७ टक्के. पश्चिम किनाऱ्याचा रोखठोक कडवटपणा म्हणजे काय ते हिच्यात कळतं. पाचवी, पुन्हा युनिब्रूची ला फँ द्यू मोंद, ९ टक्के, बेल्जियन ट्रिपेल, म्हणजे फिकट पण तगड्या बिअरीच्या, धाटणीची. सहावी, माँट्रियलच्या दिए द्यू सिएलची पेशे मोर्तेल, ९.५ टक्के, कॉफी घातलेली इम्पीरियल स्टाउट.

हलक्याकडून जडाकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे, करपट-भाजकं सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा केला तर काय होतं? स्टाउटनंतर पिल्सनर म्हणजे निव्वळ पाणी लागतं, आणि आयपीएनंतर गव्हाच्या बिअरीतले धणे सापडतच नाहीत. आंबट बिअर ठेवायची असेल, उदाहरणार्थ टोरोंटोच्या बेलवुड्सची जेली किंग, तर गव्हाच्या बिअरीनंतर आणि कडवट बिअरींच्या आधी. तिच्यानंतर पाच मिनिटं पाणी पीत थांबा.

आता हिशोब. कॅनडात एक प्रमाणित पेय म्हणजे ५ टक्क्यांची ३४१ मिलीची बाटली, म्हणजे १७.०५ मिली शुद्ध अल्कोहोल. मिली गुणिले टक्के, भागिले १००, मग भागिले १७.०५. वरच्या सहा बिअरी प्रत्येकी १०० मिली घेतल्या तर शुद्ध अल्कोहोल ४०.७ मिली, म्हणजे जवळजवळ २.४ प्रमाणित पेयं. हे चाखणंच आहे, पण हेही पिणंच आहे. २०२३ च्या कॅनडाच्या मार्गदर्शनात कमी धोक्याची मर्यादा आठवड्याला दोन पेयं अशी सांगितली आहे. ४७३ मिलीचा ६.५ टक्क्यांचा एकच उंच कॅन १.८ पेयं होतो, हे कॅनच्या आकारावरून लक्षात येत नाही. म्हणून चौघांत एकेक कॅन वाटून घ्या, टेबलावर ओतून टाकायला एक भांडं ठेवा आणि त्या दिवशी गाडीची किल्ली घरातच राहू द्या. कायदेशीर वय बहुतेक प्रांतांत १९ आहे, अल्बर्टा, मॅनिटोबा आणि क्वेबेकमध्ये १८.

लेबल झाका

लेबल दिसलं की जीभ खोटं बोलते. ज्या ब्रुअरीबद्दल आपुलकी आहे तिला दोन-तीन गुण जास्त मिळतात. जी मोठ्या कंपनीने विकत घेतली तिचे कापले जातात. युनिब्रू २००४ मध्ये स्लीमन या कॅनडाच्याच मोठ्या कंपनीकडे गेली आणि स्लीमन २००६ मध्ये जपानच्या सप्पोरोकडे. मालकीविषयी मत जरूर असावं, पण ते पेल्यात उतरू नये.

एकाने आत ओतायचं, पेल्यांच्या तळाला क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावायच्या आणि बाहेर आणायचे. ओतणाऱ्याने चाखणाऱ्यांना फक्त प्रकार सांगायचा: ‘ही पिल्सनर’, ‘ही ट्रिपेल’. प्रकारही लपवला तर तो ओळखण्याचा खेळ होतो, गुणांकन होत नाही.

स्वतःची जीभ तपासायची असेल तर त्रिकोणी चाचणी करा. तीन पेले घ्यायचे, दोन एकाच बिअरीचे, तिसरा वेगळ्या बिअरीचा. वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा बरोबर येतं, म्हणून एका यशावर खूश होऊ नका. सहा वेळा करून पाच वेळा जमलं तर फरक खरोखर कळतो आहे असं धरा. दोन लोकप्रिय पेल एलवर हा प्रयोग केला की पुढच्या वेळी लिहिताना हात आपोआप सावध होतो.

प्रत्यक्ष चाखणं

खोलीत अगरबत्ती, परफ्यूम, फोडणीचा वास नको. चाखण्याआधी तासभर तिखट, लसूण, कॉफी, टूथपेस्ट बंद. मिरचीने पेटलेल्या तोंडात अल्कोहोल आणखी भाजतं आणि ७ टक्क्यांची बिअर १० ची वाटते. मधे तोंड साफ करायला खोलीच्या तापमानाचं पाणी आणि मिठाशिवायचं काहीतरी. अळणी ज्वारीची भाकरी यासाठी फार चांगली. तूप-तेल लावलेली पोळी मुळीच नको. तिचा ओशटपणा पुढच्या पेल्याचा फेसही खातो.

तापमान प्रत्येकीचं वेगळं. पिल्सनर ४ ते ७ अंश, गव्हाची आणि पेल एल ६ ते ९, आयपीए ७ ते १०, ट्रिपेल ८ ते १२, इम्पीरियल स्टाउट १२ ते १४. घरचा फ्रिज ३-४ अंशांचा असतो, म्हणून आयपीए ओतण्याआधी १० मिनिटं आणि स्टाउट अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेवा. थंडपणा वास दाबतो, गोडवा दाबतो आणि कडूपणा टोकदार करतो. स्टाउट ‘नुसतीच कडू’ लागली तर पेला दोन्ही तळव्यांत पाच मिनिटं धरा आणि पुन्हा बघा. बहुतेक वेळा कॉफीमागून चॉकलेट वर येतं.

ओतताना पेला ४५ अंशांत तिरका, निम्म्यावर आला की सरळ, वर दोन-तीन सेंटीमीटर फेस. फक्त १०० मिली ओतायची असेल तर तिरका करायच्या भानगडीत न पडता मधोमध सरळ ओता, नाहीतर फेस उठणारच नाही. ब्लांश द शांब्लीसारख्या गव्हाच्या बिअरीत शेवटचा भाग बाटलीत गोल फिरवून यीस्टसकट ओततात. ला फँ द्यू मोंदचं यीस्ट हवं की नको हे तुमचं, पण तुलना करताना सगळ्यांना सारखंच वाढा. एकाच बाटलीतून पहिला पेला नितळ आणि शेवटचा गढूळ गेला, तर चौघे चार वेगळ्या बिअरींवर भांडत बसतात. नायट्रोजनचा कॅन मात्र उलटा करून जोरात ओतायचा, आणि त्याच्या मऊपणाला ‘गॅस गेलेली’ म्हणायचं नाही.

मग, ओतल्याबरोबर, बघण्याच्याही आधी वास. सर्वांत हलके वास पहिल्या अर्ध्या मिनिटात उडून जातात: सल्फर, हॉप्सचे नाजूक पदर, उन्हाने मारलेल्या बिअरीचा दुर्गंध. पेला नाकाखालून एकदा नुसता न्या. मग दोन-तीन छोटे, भराभर हुंगारे घ्या. एकच लांब श्वास घेऊ नका, त्याने नाक लगेच थकतं. मग पेल्याच्या तोंडावर तळवा ठेवून तो हलकेच फिरवा, तळवा काढा आणि पुन्हा हुंगा. नाक गोंधळलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या. तो ओळखीचा असतो, नाक पूर्वपदावर येतं. आणि लगेच लिहा. चव घेतल्यानंतर लिहिलेला वास हा बहुतेक वेळा चवीचीच आठवण असते.

दिसण्यावर वेळ घालवू नका. रंग पांढऱ्या कागदासमोर बघा, नितळपणा, फेसाचा पोत आणि टिकाऊपणा, आणि घोटागणिक काचेवर उरणारी फेसाची जाळी. गढूळपणा प्रकाराला धरून असेल तर दोष नाही. फिकट पिवळ्या गढूळ आयपीएला राखाडी-तपकिरी झाक आली असेल तर मात्र सावध व्हा, तिला हवा लागली आहे.

घोट १५-२० मिलीचा घ्या, पूर्ण तोंडात फिरवा, गिळा, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. चवीचा मोठा भाग या परतीच्या श्वासात कळतो. यानंतर १५-२० सेकंद काहीही करू नका. कडवटपणा उशिरा येतो आणि साठत जातो. पहिल्या घोटावर कडूपणाचं मत देणारे जवळपास नेहमी चुकतात. तिसऱ्या घोटानंतर विचारा: कडूपणा स्वच्छ सरून जातो, की कडुनिंबाच्या काडीसारखा जिभेच्या मागे चिकटून बसतो? त्यानंतर पोत बघा. पाणीदार की दाट, बुडबुडे टोचतात की मऊ, तुरटपणा आहे का, आणि गिळताना अल्कोहोलची ऊब येते की आग. ला फँ द्यू मोंद ९ टक्क्यांची असून कोरडी आणि हलकी लागते. जोर असूनही बिअर जड न वाटणं हे ट्रिपेलमधलं खरं कौशल्य, त्याचे गुण सढळ हाताने द्या.

शब्द आपल्या स्वयंपाकघरातले

परदेशी चाखणीच्या वह्यांत ग्रॅहम क्रॅकर, गूजबेरी, पाइनची राळ असे शब्द असतात. तो पदार्थ लहानपणापासून हुंगलेला नसेल तर शब्द उसना राहतो आणि पुढच्या वेळी जुळत नाही. टोरोंटो किंवा व्हँकुव्हरजवळच्या सरी शहरात राहणाऱ्या मराठी माणसाकडे त्याहून नेमका साठा आहे. माल्टसाठी, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यासाठी: भाजलेला रवा, खरपूस भाकरी, पोळीचा फुगून करपलेला पापुद्रा, फुटाणे, काकवी. हॉप्ससाठी: कैरीचा देठ, पिकला पेरू, पपनसाची साल, ईडलिंबू. बेल्जियन यीस्टसाठी: वेलची केळं, लवंग, मिरी. आंबट बिअरींसाठी तर आमसूल, चिंच आणि आवळा हे तीन वेगवेगळे आंबटपणे आपल्याला उपजतच कळतात, आणि लॅक्टिक आंबटपणा म्हणजे ताकाचा, हे सांगावंही लागत नाही. ब्लांश द शांब्लीतले धणे शोधताना अडत असेल तर चार धणे तळव्यात चुरडा, हुंगा आणि पुन्हा पेल्याकडे या. हॅलिफॅक्सच्या गॅरिसनची स्प्रूसच्या कोंबांची बिअर मात्र अपवाद. त्या वासाला मराठीत सोयीचा शब्द नाही. कॅनडातल्या हिवाळी बाजारातली ख्रिसमसच्या झाडाची एक फांदी मोडून हुंगा, आणि तोच शब्द वापरा.

‘छान’, ‘स्मूथ’, ‘रिफ्रेशिंग’ हे शब्द वहीत लिहायचे नाहीत. त्यांतून दोन महिन्यांनी काहीही आठवत नाही.

दोष कुणाचा?

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. वास एक, पण कारण तीन ठिकाणी असू शकतं.

ओल्या पुठ्ठ्याचा, जुन्या वह्यांचा कुबट वास, हॉप्स गायब, वर मधासारखा गोडसरपणा: हवा आणि काळ. तारीख बघा. पाच महिन्यांची असेल तर बहुतेक दोष दुकानाचा किंवा तुमच्या कपाटाचा. तीन आठवड्यांच्या कॅनमध्येच हा वास असेल तर भरताना हवा आत गेली, म्हणजे ब्रुअरीचा.

स्कंकचा, म्हणजे दुर्गंधी फवारणाऱ्या त्या प्राण्याचा, वास: प्रकाश. निळा आणि अतिनील प्रकाश हॉप्समधल्या कडू द्रव्याचं विघटन करतो आणि त्यातून गंधकाचं एक तीव्र संयुग तयार होतं, जे नाकाला नगण्य मात्रेतही कळतं. कॅनमधून हे होऊच शकत नाही. पण उन्हाळ्यात पॅटिओवर उन्हात ठेवलेल्या पेल्यात काही मिनिटांत होतं. तेव्हा पॅटिओवर बसून गुण देऊ नका, दिलेच तर सावलीत.

लोणी, थिएटरमधला पॉपकॉर्न, जिभेवर ओशट पडदा: डायॲसिटिल. यीस्टला ते परत शोषायला पुरेसा वेळ दिला नाही, किंवा पबच्या नळीत जंतू वाढले. नळाची बिअर अशी लागली तर त्याच बिअरचा कॅन घेऊन पडताळा. कॅन स्वच्छ निघाला तर दोष नळीचा. आणि एक अपवाद लक्षात ठेवा: रिंगवुड नावाचं इंग्लिश यीस्ट वापरणाऱ्या एलमध्ये लोण्याची हलकी छटा हा त्या परंपरेचाच भाग मानतात. हॅलिफॅक्सला १९८५ मध्ये सुरू झालेल्या आणि नंतर टोरोंटोतही आलेल्या ग्रॅनाइट ब्रुअरीने हेच यीस्ट वापरलं. अशा एलमध्ये हलकं लोणी चालतं, पिल्सनरमध्ये तेवढंच लोणी म्हणजे चूक.

उकडलेलं मक्याचं कणीस, शिजलेला कोबी: डीएमएस, म्हणजे डायमिथाइल सल्फाइड. फिकट माल्टमधून येतं. उकळी कमी जोराची किंवा झाकण ठेवून दिली, किंवा थंड करायला वेळ लागला. हा ब्रुअरीचा दोष, फिकट लागरमध्ये (पिल्सनर ही त्यातलीच) आधी सापडतो.

कच्चं हिरवं सफरचंद: ॲसिटाल्डिहाइड, बिअर पूर्ण तयार व्हायच्या आत भरली. व्हिनेगर: आंबट प्रकारात थोडं चालेल, बाकी कुठेही नाही. बँडेज किंवा जंतुनाशकासारखा वास: क्लोरीन आणि फेनॉल. पण सगळ्याच पेल्यांना तो येत असेल तर तुमचं भांडी धुणं तपासा. लवंग आणि केळं: बेल्जियन आणि जर्मन गव्हाच्या बिअरीत हवेच, आयपीएत लवंग आली तर परक्या यीस्टची लागण. सोया सॉस: यीस्ट फार काळ पडून विरघळलं. जुन्या स्टाउटमध्ये किंचित असेल तर खोली देतं, जास्त असेल तर बिअर संपली.

धातूची, नाण्याची चव आली तर एक थेंब हाताच्या मागच्या बाजूला चोळा आणि हुंगा. वास तीव्र झाला तर बिअरमध्ये खरंच लोह आहे. नाही झाला तर कारण दुसरं काहीतरी.

गुण

बीजेसीपी या बिअर-परीक्षक घडवणाऱ्या संस्थेची ५० गुणांची पत्रिका सर्वांत उपयोगी आहे: वास १२, दिसणं ३, चव २०, पोत ५, एकूण परिणाम १०. तिच्यातलं वजन विचार करायला लावतं. वास आणि चव मिळून ३२ गुण, दिसण्याला फक्त ३. कॅनवर कितीही सुंदर चित्र असो.

आधी पट्टा ठरवा, मग आकडे भरा. ४५ ते ५० असामान्य. ३८ ते ४४ उत्कृष्ट. ३० ते ३७ फार चांगली, एखादी बारीक चूक. २१ ते २९ चांगली, पण प्रकाराला चुकलेली किंवा किरकोळ दोष असलेली. १४ ते २० सुमार. त्याखाली पिण्यासारखी नाही. ‘ही मला कुठल्या पट्ट्यात वाटते’ हे मनाशी ठरवून मगच भागांचे गुण भरा. बेरीज पट्ट्याबाहेर गेली तर एक तर भाग चुकला किंवा पहिलं मत. कुठलं ते शोधताना माणूस सर्वाधिक शिकतो. नवख्यांचे सगळे गुण ३२ ते ३८ मध्ये अडकतात, कारण कुणाला दुखवायचं नसतं. खालचा पट्टा वापरायची हिंमत ठेवा, आणि ४५ च्या वरचाही.

बिअरला तिच्या प्रकारात तोला. गव्हाच्या बिअरीला ‘कडवट नाही’ म्हणून गुण कापणं म्हणजे श्रीखंडाला तिखट नाही म्हणून नाकारण्यासारखं. आवडीसाठी शेजारी वेगळा रकाना करा, १० पैकी. कॉफी न आवडणाऱ्यानेही पेशे मोर्तेलला प्रकारात ४४ आणि आवडीत ३ देता आले पाहिजेत.

सुरुवातीच्या दोन कॅनचा हिशोब असा दिसेल. ताज्या आयपीएला वास १०, दिसणं ३, चव १६, पोत ४, एकूण ८, बेरीज ४१. जुन्या कॅनला वास ५, दिसणं २, चव १०, पोत ३, एकूण ४, बेरीज २४. दुसऱ्या ओळीपुढे ‘पुठ्ठा, मध, हॉप्स नाहीत, भरून १६० दिवस, उबदार फळी’ असं लिहा, आणि हा आकडा ब्रुअरीच्या नावावर चढवू नका. ताजा कॅन मिळेपर्यंत ती जागा रिकामी ठेवा.

प्रत्येक नोंदीत हे हवं: चाखल्याची तारीख, भरल्याची किंवा टिकण्याची तारीख, कुठून घेतली आणि थंड होती की नाही, कॅन-बाटली-नळ, पेल्यातलं अंदाजे तापमान, झाकून चाखली की उघडी, पाच भागांचे गुण, आणि प्रत्येक भागाला निदान एक ठोस नाम. टोकाचे गुण, म्हणजे २० च्या खालचे किंवा ४५ च्या वरचे, एका कॅनवर पक्के करू नका. दुसऱ्या दुकानातून, वेगळ्या तारखेचा कॅन आणा, पुन्हा झाकून चाखा. दोन आकड्यांत पाचपेक्षा जास्त फरक पडला तर सरासरी काढू नका. दोन्ही कॅनच्या तारखा शेजारी मांडा, पेला पुन्हा पाण्याच्या पडद्याने तपासा, आणि तिसरा कॅन उघडा.